ग्राफिक्स कार्डाचा उष्माघात

विदर्भातला मे महिना. बाहेर ४४ अंश. गच्चीखालच्या छोट्या खोलीत दार-खिडकी लावून एखादा तरुण संगणकावर इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करत बसलेला असतो. काम दुसऱ्या दिवशी द्यायचे असते. सकाळी सगळे सुरळीत चालते. दुपारी दोनच्या पुढे संगणकाचा पंखा घोंघावू लागतो, काम रखडते आणि थोड्या वेळाने संगणक आपोआप बंद पडतो. तासभर थांबून सुरू केला की अर्ध्या तासात पुन्हा तेच. उन्हाळ्यात संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत ही तक्रार नेहमीची असते.

दवाखान्यातल्या भाषेत बोलायचे तर रुग्णाचा इतिहासच निदानाकडे बोट दाखवतो. त्रास दुपारी वाढतो, श्रमाने वाढतो आणि विश्रांतीने उतरतो. अशा संगणकात सर्वांत जास्त राबणारा आणि तापणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. संशयाची सुई तिकडेच वळते. ‘कार्डाला ताप येतोय,’ असे दुकानदार सहज बोलून जातो. वैद्यकशास्त्र मात्र इथे एक फरक करते. ज्वरात मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. म्हणून पॅरासिटामॉलने ती पातळी खाली आणता येते. उष्माघातात ही पातळी बदललेली नसते. उष्णता बाहेर पडण्याचे मार्ग अपुरे पडतात आणि ती आत साठत जाते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, उष्णतेला वाट करून द्यावी लागते. कार्डाचे दुखणे या दुसऱ्या प्रकारचे असते. वाट कुठे अडली, हे कार्ड उघडल्यावरच कळते.

नाण्याएवढ्या जागेत शेगडी

उदाहरणादाखल एक नेमके कार्ड घेऊ. एनव्हिडिया कंपनीने मार्च २०१७ मध्ये आणलेले ‘जीटीएक्स १०८० टीआय’, त्यातही कंपनीची स्वतःची ‘फाउंडर्स एडिशन’ ही आवृत्ती. त्याची रचना अभ्यासाला सोयीची आहे. कार्डाच्या मधोमध असलेली चिप ४७१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बाजू जेमतेम २२ मिलिमीटर, एखाद्या नाण्याएवढी. तेवढ्या जागेत १२०० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. पूर्ण भारावर हे कार्ड २५० वॅट वीज घेते. चित्रे स्क्रीनवर दिसतात, पण घेतलेली वीज जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होऊन कार्डात उरते.

शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो. म्हणजे हे एक कार्ड अडीच माणसांची उष्णता देते. खरी अडचण मात्र जागेची आहे. माणसाजवळ उष्णता सोडायला सुमारे पावणेदोन चौरस मीटर त्वचा असते. कार्डाच्या २५० वॅटपैकी चिपचा वाटा २०० वॅटच्या आसपास धरला, तर चिपच्या दर चौरस सेंटीमीटरमधून ४० वॅटहून अधिक उष्णता बाहेर पडायला हवी. स्वयंपाकघरातल्या २००० वॅटच्या आणि २० सेंटीमीटर व्यासाच्या विजेच्या शेगडीचा हाच आकडा ६ वॅटच्या घरात येतो. शेगडीपेक्षा सहापट तीव्र उष्णता नाण्याएवढ्या जागेतून काढून न्यायची आणि चिपला शंभर अंशांच्या खाली ठेवायचे, एवढे काम या कार्डाच्या थंडाव्याच्या यंत्रणेला करावे लागते.

उघडण्यापूर्वी

शस्त्रक्रियेआधी जशी तयारी असते, तशी इथेही लागते. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढायचा आणि काही मिनिटे थांबायचे. वीजपुरवठ्याचा बंद डबा, म्हणजे ‘एसएमपीएस’, घरी कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते. माणसाला झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, चिपला मात्र त्याहून पुष्कळ कमी व्होल्टमध्येही इजा होते. म्हणून दुरुस्तीकार मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. धूळ उडणार असल्यामुळे मास्क लावायचा. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवलेले बरे.

कार्डाची पाठ एका काळ्या पत्र्याने झाकलेली असते. त्याचे बारीक स्क्रू काढले की खाली छोटे षटकोनी स्क्रू दिसतात, आणि चिपच्या मागे चार कोपऱ्यांना स्प्रिंग असलेले चार स्क्रू. हे चारही एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, म्हणजे चिपवर एका बाजूने दाब येत नाही. मग बोर्ड आणि थंडाव्याचा सांगाडा वेगळे होतात, पण झटक्याने ओढायचे नाही. पंख्याची आणि दिव्याची वायर अजून बोर्डात अडकलेली असते. घाईत ती उपटली गेली की दुखणे एक आणि इजा दुसरीच, अशी गत होते.

यापुढची तपासणी उष्णता ज्या वाटेने जाते त्याच वाटेने करायची. चिप, पेस्ट, तांब्याचा कक्ष, धातूच्या पत्र्या, हवा आणि शेवटी खोली. ही साखळी जिथे तुटते, तिथे रोग असतो.

सोनोग्राफीची जेली आणि थर्मल पेस्ट

पहिला टप्पा सर्वांत पातळ आणि सर्वांत दुर्लक्षित. चिपचा आरशासारखा पृष्ठभाग आणि त्यावर बसणारे तांबे, दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर खड्डे आणि उंचवटे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की खड्ड्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. तांब्याची उष्णतावहनक्षमता ४०० च्या आसपास, तर हवेची ०.०२६. ही हवा हाकलण्यासाठी मध्ये करड्या रंगाची थर्मल पेस्ट लावतात. तिची क्षमता साधारण ४ ते १०, म्हणजे तांब्यापेक्षा खूप कमी आणि हवेपेक्षा शेकडो पट जास्त. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर लावली जाणारी थंडगार जेली हेच काम करते. त्वचा आणि यंत्राच्या मधली हवा ती हटवते, नाहीतर ध्वनिलहरी आत पोहोचतच नाहीत.

पाच-सहा वर्षे वापरलेल्या कार्डात ही पेस्ट अनेकदा वाळलेली आणि भेगाळलेली सापडते. कार्ड तापते तेव्हा धातू प्रसरण पावतो, थंड होते तेव्हा आकुंचन पावतो. या रोजच्या हालचालीत पेस्ट मधून कडेला सरकते. चिपच्या मधोमध कोरडा डाग आणि कडेला पेस्टची गादी, असे दृश्य दिसले की निम्मे निदान झाले.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. दुकानदार त्याला ‘आयपीए’ म्हणतात. इंजेक्शनपूर्वी त्वचा पुसायच्या स्वॅबमध्येही बहुधा तेच असते, पण ७० टक्के. जंतू मारायला त्यातले पाणी मदतच करते. कार्डासाठी मात्र ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध द्रव घेतात, कारण बोर्डावर पाणी मागे राहायला नको. नवी पेस्ट चिपभर पातळ पसरेल एवढीच लावायची. जाड थर लावला की पेस्ट स्वतःच अडथळा होते.

बोर्डावरचे शेजारी

चिपभोवती मेमरीच्या अकरा चिप्स बसवलेल्या दिसतात आणि बाराव्याची जागा रिकामी. पहिल्यांदा उघडणारा घाबरतो, एखादी चिप गळून पडली की काय! तसे काही नसते. या कार्डाला ११ गिगाबाइट मेमरी आहे, आणि रिकामी जागा मुळातच तशी ठेवलेली आहे.

बाजूला वीजपुरवठ्याचा विभाग असतो. संगणकाकडून १२ व्होल्टची वीज येते आणि चिपला सुमारे १ व्होल्टची लागते. व्होल्टेज इतके खाली आणले की तेवढ्याच कामासाठी प्रवाह वाढतो. पूर्ण भारावर चिपकडे जाणारा प्रवाह दीडशे-दोनशे अँपिअरपर्यंत जातो. घरातल्या एसीच्या एमसीबीवर १६ किंवा २० आकडा असतो, त्यावरून याची कल्पना यावी. त्यामुळे हा भागही तापतो. मेमरी आणि हा विभाग यांच्यावर पेस्टऐवजी मऊ थर्मल पॅडच्या पट्ट्या असतात. त्या फाटल्या तर बदलताना जाडी मूळ पॅडएवढीच हवी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड घातले तर सांगाडा वर उचलला जातो आणि मुख्य चिपला नीट टेकतच नाही. दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

तांब्याच्या डबीतला घाम

आता थंडाव्याचा सांगाडा. चिपवर टेकणारा तांब्याचा भाग भरीव वाटतो, पण तो आतून पोकळ असतो. त्याला व्हेपर चेंबर म्हणतात. या चपट्या, हवाबंद डबीतली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ डबीभर पसरते, वरच्या गार बाजूला तिचे पुन्हा पाणी होते. आतल्या भिंतींना तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे ते पाणी या थरातून चिपकडे परत येते. पंप नाही, झडप नाही, आवाज नाही.

याच तत्त्वावर चालणाऱ्या नळीची कल्पना जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांनी मांडली आणि १९४४ मध्ये तिला पेटंट मिळाले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिले.

शरीरही बाष्पीभवनाचाच आधार घेते. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात एवढा घाम वाळला, तर साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णता बाहेर पडली. पण एक मूलभूत फरक आहे. माणसाचा घाम हवेत निघून जातो, म्हणून कोरड्या हवेत माणूस भोवतालच्या हवेपेक्षा गार राहू शकतो. कार्डाचा ‘घाम’ डबीतच फिरतो. तो उष्णता एका जागेवरून दुसरीकडे पोहोचवतो, तिथून पुढे सगळी भिस्त खोलीतल्या हवेवर. त्यामुळे कार्ड हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली आणि बाकी सगळे तेच राहिले, तर चिपचे तापमानही साधारण तेवढेच, १७ अंशांनी वर सरकते. दुपारी दोननंतर तक्रार का सुरू होते, याचे उत्तर इथे आहे.

बाहेरून स्वच्छ, आतून बंद

व्हेपर चेंबरवर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या दाटीने उभ्या असतात. या कार्डात एका टोकाला ब्लोअरसारखा पंखा आहे. तो हवा ओढून पत्र्यांमधून ढकलतो आणि गरम हवा मागच्या जाळीतून संगणकाबाहेर टाकतो. मागे हवेला अधिक जागा मिळावी म्हणून कंपनीने या कार्डातून डीव्हीआय हे जुने जोडणीचे छिद्रच काढून टाकले होते.

वरचे आवरण काढले की मुख्य आरोपी अनेकदा हाती लागतो. पंख्याची हवा जिथे पत्र्यांत शिरते, नेमक्या त्या कडेला धुळीची राखाडी गादी जमलेली असते. कापसाचे तंतू, केस, अगरबत्तीची काजळी, कूलरच्या वाळ्याचा भुसा असे सगळे एकमेकांत घट्ट विणलेले असते. बाहेरून कार्ड स्वच्छ दिसते, पंखा जोरात फिरतो, पण हवा पुढे जातच नाही. ही गादी मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने काढतात. फवारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर ते वेड्यासारखे फिरून बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकर घातली तर थुंकीचे कण बोर्डावर बसतात आणि धूळ डोळ्यांत जाते.

अघोरी उपाय

याच टप्प्यावर काही जण एक घरगुती उपाय सुचवतात. बंद पडलेले कार्ड ओव्हनमध्ये ‘भाजायचे’. त्यामागचा तर्क असा की, चिपखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांना तडे गेलेले असतात आणि उष्णतेने ते जुळतात. तडे जातात हे खरे. तापल्यावर सिलिकॉन जेवढे प्रसरण पावते त्याच्या कित्येक पट बोर्ड पावतो, आणि रोजच्या या ओढाताणीत सांधे थकतात. भाजलेले कार्ड कधी कधी थोडे दिवस चालतेही. पण हा तात्पुरता आराम आहे, मोडलेल्या हाडावर वेदनाशामक गोळी दिल्यासारखा.

आरोग्याच्या दृष्टीने तर हा प्रकार घातकच. तापलेल्या बोर्डातून प्लास्टिक, फ्लक्स आणि ज्वालारोधक रसायनांचे धूर निघतात आणि ते पोळी-भाजीच्या ओव्हनमध्ये बसतात. जुन्या कार्डांच्या सोल्डरमध्ये शिसेही असते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून त्यावर निर्बंध घातल्यावर जगभरच्या उत्पादकांनी शिसेविरहित सोल्डर वापरायला सुरुवात केली. सोल्डरिंग करणाऱ्या कारागिरांना राळयुक्त फ्लक्सच्या धुरामुळे दमा होऊ शकतो, हे व्यावसायिक आजारांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे. दुकानात धूर ओढून घेणारा पंखा हवा, आणि काम झाल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवायला हवेत. कार्ड खरोखरच निकामी झाले तर ते भंगारात जाळायला देण्यापेक्षा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावे. त्यासाठीचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

साखळीची शेवटची कडी

धूळ निघाली, पेस्ट बदलली, स्क्रू पुन्हा बसले. कार्ड सुरू केले की तापमान उतरलेले दिसते आणि काम पुन्हा सुरळीत होते. केस इथे संपली असे वाटते. पण उष्णतेची वाट इथे संपत नाही. दुरुस्त कार्ड उष्णता नाहीशी करत नाही, आधीपेक्षा अधिक चांगल्या रीतीने खोलीत आणून टाकते. कार्डाचे २५० वॅट आणि उरलेल्या संगणकाचे मिळून ४०० वॅट धरले, तर दार लावलेल्या त्या खोलीत जणू आणखी चार माणसे बसलेली असतात. रात्रभर काम चालू ठेवून तिथेच झोपणाऱ्याला, किंवा त्याच खोलीत दुपारी आडवे होणाऱ्या आजी-आजोबांना, ही उष्णता सोसावी लागते.

इथे माणूस आणि कार्ड यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. कार्ड ८०-८५ अंशांवर असते. त्याला ४५ अंशांची हवाही थंडच वाटते, त्यामुळे पंखा त्याच्या नेहमी कामाचा. माणसाची त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते. तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी केवळ पंख्यावर अवलंबून राहू नका, असे सांगते. कोकणात आणि मुंबईत तापमान कमी असले तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम उष्णता नेत नाही.

हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, काही मानसिक आजारांवरची आणि सर्दी-ॲलर्जीवरची औषधे घेणारे यांना धोका अधिक. यांपैकी काही औषधांनी घाम कमी होतो. औषधे मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. गडद पिवळी आणि कमी लघवी, डोकेदुखी, चक्कर, पायात गोळे या पूर्वसूचना आहेत. बोलण्यात असंबद्धता आली, अंग तापून चटके बसू लागले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत किंवा गार खोलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

संगणकावर राबणाऱ्यांनी जड काम पहाटे किंवा रात्री उशिरा लावावे, खोलीची समोरासमोरची दारे-खिडक्या त्या वेळी उघडाव्यात आणि झोपायची जागा वेगळी ठेवावी. टेबलावर पाण्याची बाटली आणि भिंतीवर साधा तापमापक असावा.

कार्डाच्या तापमानाचा आकडा अनेक तरुण स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसत ठेवतात. ८४ अंशांच्या आसपास हे कार्ड आपला वेग स्वतःच कमी करू लागते. कंपनीने कमाल मर्यादा ९१ अंशांची ठरवली आहे, आणि त्याहून फार तापले तर ते स्वतःला बंद करते. समोर बसलेल्या माणसाचा आकडा मात्र स्क्रीनवर दिसत नाही. त्याचे मूळ तापमान ३७ वरून ४० अंशांवर गेले, की अवघ्या तीन अंशांत मेंदू गोंधळू लागतो, आणि गोंधळलेल्या मेंदूला आपण आजारी आहोत हेही कळत नाही. म्हणून दुपारी पंखा घोंघावू लागला, की कार्डाआधी माणसाने उठून खोलीबाहेर यावे.